डालग्याखालची कोंबडी

रानकोंबडें दिवसा जमिनीवर दाणे टिपतें आणि दिवस मावळला कीं झाडाच्या फांदीवर चढून बसतें. मनुष्यानें त्याला अंगणांत आणलें तेव्हां ही फांदी हिरावली गेली. तिच्या बदला दुसरा आसरा देणें त्याला प्राप्त झालें. खुराड्याचा उगम या देण्यांत आहे. निःसंशय पाळीव कोंबड्यांचीं म्हणून आज मानलीं जाणारीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडांतील बान नॉन वाट येथलीं, इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० या काळांतलीं आहेत. पुढें पहिल्या शतकांत कॉल्युमेला हा रोमन कृषिलेखक बजावतो कीं, खुराड्याच्या भिंतींना आंतबाहेर गिलावा करावा, म्हणजे मांजराला किंवा सापाला आंत शिरतां येणार नाहीं.

सातपुड्यांतील अक्राणी, अक्कलकुवा या भागांत रोमन गिलावा कोठून येणार? तेथें कुडाचें घर आणि बांबूचें डालगें. नंदुरबारचा हा मुलूख पूर्वीं पश्चिम खानदेशांत, नंतर धुळें जिल्ह्यांत मोडे. १ जुलै १९९८ रोजीं तो स्वतंत्र जिल्हा झाला. भिल्ल-पावरा कुटुंबांत कोंबडी म्हणजे पाहुण्याचा मान, देवाचा नवस आणि अडीअडचणीची पुंजी. तिचा वैरीही घरोघर ठाऊक. दिवसा घार, शिकरा व मुंगूस पिलें उचलतात, रात्रीं रानमांजर आणि कोल्हा येतात. डालगें हलकें, एका धक्क्यानें उलथणारें. म्हणून त्यावर दगड ठेवावा लागतो. जमीन भुसभुशीत असली तर कडेखालून उकरतां येतें. ती चोपून सारवलेली बरी. कोंबडें झाकल्यानें तांबडें फुटायचें राहत नाहीं, या म्हणींतलें झाकणें तें हेंच.

१८४४ सालीं इंग्लंडांत नॉर्विच येथें चार्ल्स बर्नार्ड यानें तारेची जाळी विणणारें यंत्र काढलें. ही जाळी कोंबडीला आंत ठेवते खरी, पण मुंगसाला बाहेर ठेवील असें नाहीं. ती हातभर जमिनींत पुरली नाहीं, तर सगळा खर्च वायां.

परंतु नवापुरास जो शत्रु आला, त्याला भोंकही लागलें नाहीं. तेथें मोठमोठीं कुक्कुटपालन केंद्रें उभीं राहिलीं होतीं. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं तेथील मेलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लूचा विषाणु असल्याचें जाहीर झालें. भारतांतील ही पहिलीच साथ. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेनें केलें. मग लक्षावधि पक्षी मारून पुरण्यांत आले. भोंवतालच्या गांवांतील परसांतल्या कोंबड्याही त्यांतून सुटल्या नाहींत. सरकारनें भरपाई दिली. पण अंड्यावर बसलेल्या कोंबडीचा हिशेब एका पक्ष्याच्या दरांत कसा बसावा? जिला रात्ररात्र रानमांजरापासून राखली, ती घरच्या माणसानेंच डालगें उचलून हवालीं करावयाची होती. त्या वर्षीं माणसाला या रोगाची लागण झाल्याचें सिद्ध झालें नाहीं, हें मोठेंच सुदैव.

रानपक्ष्यांच्या विष्ठेंतून आणि दूषित पाण्यांतून हा रोग पसरतो. म्हणून खुराड्याला आतां बाजूंच्या भिंतींइतकेंच वरचें छप्परही महत्त्वाचें झालें आहे, आणि दाण्यापाण्याचीं भांडीं उघड्यावर ठेवून चालत नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें नवापुरांत ती साथ पुन्हां आली, आणि पुन्हां खड्डे खणावे लागले.