बॉम्बे रक्तगट : एका आनुवंशिक लक्षणाचा इतिहास

प्रस्तावना
आई-वडील दोघेही निरोगी असताना अपत्यात अनपेक्षित लक्षण का प्रकट होते, हा आनुवंशिकतेच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे. आपल्या समाजात त्याचा दोष बहुधा मातेवर ठेवला जातो. मुंबईत १९५२ मध्ये उजेडात आलेल्या बॉम्बे रक्तगटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा रक्तगट म्हणजे विकार नव्हे. परंतु सिकलसेल व थॅलेसेमिया हे विकार ज्या अप्रभावी वारशाने येतात, तोच नियम येथेही लागू पडतो.

शोधाचा इतिहास
कार्ल लँडस्टायनर यांच्या १९०१ मधील संशोधनाने मानवी रक्तगटांची ओळख पटली. अर्धशतकानंतर डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगट-लक्षणाची नोंद केली. या व्यक्तींच्या रक्तपेशी 'ओ' गटाच्या वाटत, परंतु त्यांचा रक्तद्रव 'ओ' पेशींचीही गुठळी करीत असे. 'ए' व 'बी' ही प्रतिजने ज्या 'एच' या मूळ घटकावर तयार होतात, तो घटकच त्यांच्या रक्तात नव्हता. म्हणूनच सर्वांना चालणारे मानले गेलेले 'ओ' रक्त त्यांना प्राणघातक ठरू शकते.

वारशाचे स्वरूप
'एच' घटकासाठी एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एफयूटी-१ हे जनुक कारणीभूत असते. त्याची एक कार्यक्षम प्रत पुरेशी असल्याने वाहक व्यक्तीत कोणतेही लक्षण दिसत नाही. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यात हा गट येण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजेच हा वारसा दोघांकडूनही येतो, केवळ मातेकडून नव्हे.

'ए' व 'बी' यांचे जनुक मात्र नवव्या गुणसूत्रावर स्वतंत्र असते. ते दबलेले राहूनही पुढील पिढीत उतरते. १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी असे दबलेले 'बी' जनुक असलेल्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉम्बे गटाच्या स्त्रीची नोंद चुकून 'ओ' अशी झाली, पती 'ओ' गटाचा असला आणि मूल 'ए' गटाचे निघाले, तर तिच्या चारित्र्यावर अकारण संशय येऊ शकतो. येथे प्रयोगशाळेतील अपुरी चाचणी हाच सामाजिक अन्याय ठरतो.

सामाजिक संदर्भ
मुंबई परिसरात सुमारे दहा हजारांत एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एक असे याचे प्रमाण सांगितले जाते. जातीअंतर्गत व नात्यातील विवाहांमुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेची चर्चा इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आप्तसंबंधविषयक ग्रंथात केली आहे.

समारोप
पेण तालुक्यातील डोलवी हे धरमतर खाडीकाठचे, पोलाद कारखान्याचे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. अशा परिसरात अपघातप्रसंगी अचूक रक्तगट माहीत असणे जीवनमरणाचा प्रश्न असतो. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेने रक्तदान शिबिरांत 'ओ' गटाच्या नोंदीपूर्वी रक्तद्रवाची 'ओ' पेशींशी पडताळणी होईल, असा आग्रह धरावा. त्यामुळे दुर्मीळ दात्यांची नोंद होईल आणि एखाद्या मातेची अप्रतिष्ठाही टळेल.