संत्रानगरीत न आलेले ‘ऑरेंज’

आमच्या मराठी विभागाच्या कपाटात माजी विद्यार्थ्यांच्या दूरध्वनी क्रमांकांची एक लांबट वही आहे. पहिल्या पानांवर ०७१२ ने सुरू होणारे घरचे क्रमांक आहेत. काहींपुढे कंसात ‘पी.पी.’ लिहिलेले, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप सांगतील. मग एकाएकी दहा आकडी क्रमांक सुरू होतात, आणि वहीच्या तेव्हाच्या कर्त्याने त्यांचे दोन रकाने पाडलेले आहेत. डावीकडे सगळे ९८२२, उजवीकडे सगळे ९८२३. यंदा एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने ही वही चाळताना विचारले, की दोनच का? तिला उत्तर देताना आमच्या लक्षात आले, की ज्या कंपनीचा इतिहास न्यूबरी, ड्युसेलडॉर्फ, हाँगकाँग आणि मुंबई असा सांगितला जातो, त्या इतिहासाची नागपूरची प्रत कोणी लिहिलेली नाही.

ही कंपनी म्हणजे व्होडाफोन. इंग्लंडमधल्या न्यूबरी या लहानशा गावी लष्करी रेडिओ बनवणाऱ्या रॅकल या कंपनीची ती एक शाखा. १ जानेवारी १९८५ रोजी तिचे जाळे सुरू झाले, १९९१ साली ती मूळ कंपनीपासून वेगळी झाली. नाव ‘व्हॉइस’, ‘डेटा’ आणि ‘फोन’ या तीन शब्दांचे तुकडे जोडून केलेले. आवाजाबरोबर ‘डेटा’ हा शब्द नावात घालणाऱ्यांना दूरदृष्टी होती हे मान्य करायला हवे. १९८५ साली त्या यंत्राने फक्त बोलता येत होते.

पुढची पंधरा वर्षे ही कंपनी वाढली ती मुख्यतः दुसऱ्यांनी उभारलेली जाळी विकत घेऊन. १९९९ मध्ये अमेरिकेतली एअरटच आली. २००० साली जर्मनीची मॅनेसमन आली, आणि तो तोवरच्या इतिहासातला सर्वांत मोठा कंपनी-व्यवहार ठरला. मॅनेसमन ही १८९० सालची, बिनसांध्याच्या पोलादी नळ्यांसाठी प्रसिद्ध झालेली कंपनी. एका परक्या कंपनीने व्यवस्थापनाच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर कब्जा मिळवावा याचा जर्मन मनाला बसलेला धक्का मोठा होता. २००१ मध्ये जपानची जे-फोन व्होडाफोनच्या ताब्यात आली, पण तिथे गणित जमले नाही. २००६ मध्ये ती सॉफ्टबँकेला विकून कंपनी बाहेर पडली. जपानमधून निघालेली हीच कंपनी पुढच्याच वर्षी भारतात मोठी खरेदी करणार होती.

या सगळ्या धांदलीत एका फळाचे नाव मधूनमधून येते, आणि नागपूरकर म्हणून आमचे कान तिथे टवकारतात. हाँगकाँगच्या हचिसन कंपनीने १९९४ साली ब्रिटनमध्ये ‘ऑरेंज’ या नावाने सेवा सुरू केली. १९९९ मध्ये मॅनेसमनने ऑरेंज घेतली. २००० मध्ये व्होडाफोनने मॅनेसमन घेतली, तेव्हा ऑरेंज आपसूक पदरात पडली. पण एकाच देशात दोन जाळी एका मालकाकडे ठेवता येईनात, म्हणून त्याच वर्षी ती फ्रान्स टेलिकॉमला विकावी लागली. ब्रिटनमध्ये ऑरेंज अशी हातोहात फिरत असताना मुंबईत मात्र हचिसनच्या भागीदारीतली कंपनी तेच नाव लावून उभी होती. १९९५ साली ‘मॅक्स टच’ म्हणून सुरू झालेली ही मुंबईची सेवा २००० साली ‘ऑरेंज’ झाली.

नागपूरला मात्र ऑरेंज आले नाही. ज्या शहराच्या नावाला संत्र्याखेरीज दुसरे विशेषण सहसा लागत नाही, त्या शहरात या नावाचा फोन कधी मिळाला नाही. याचे कारण परवान्यांच्या नकाशात आहे, आणि आमच्या मते या इतिहासाचा सर्वांत उपेक्षित भाग तोच आहे.

१९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर देशाची विभागणी ‘सर्कल’मध्ये झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास ही चार महानगरे स्वतंत्र, बाकीची सर्कल साधारणपणे राज्यांच्या हद्दींवर बेतलेली. त्यात ‘महाराष्ट्र’ नावाचे जे सर्कल होते त्यात मुंबई नव्हती आणि गोवा होता. हे वाक्य मराठीच्या वर्गात सावकाश उच्चारून पाहण्यासारखे आहे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ही ज्या चळवळीची मागणी होती, त्या चळवळीला १ मे १९६० रोजी जे मिळाले, ते दूरसंचार खात्याच्या एका नकाशाने काढून घेतले. आणि १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने जे नाकारले, ते त्याच नकाशाने परस्पर घडवून आणले. कोणी मोर्चा काढल्याचे आम्हांला स्मरत नाही. नागपूरचा माणूस विदर्भ एक्सप्रेसने मुंबईकडे निघाला, की स्वतःच्याच राज्यात एका टप्प्यावर त्याचे ‘रोमिंग’ सुरू होई.

दुसऱ्या दिशेलाही तेच. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. छिंदवाडा, बैतूल, बालाघाटकडे नागपूरच्या कितीतरी घरांची सोयरीक आहे. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात मराठी बोलली जाते. सावनेर ओलांडून सौंसरकडे निघालेल्या वऱ्हाडातल्या माणसाचा फोन सीमेवर परका होई. मुंबईकडेही परके आणि जुन्या मुलखातही परके, अशी ही दुहेरी स्थिती विदर्भाच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यांना ओळखीची वाटेल. २००५ मध्ये मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र यांतील फोन एकाच सेवाक्षेत्रातले धरावेत असे ठरले, तरी परवाने वेगळेच राहिले. २०११ मध्ये कंपनी बदलून क्रमांक कायम ठेवण्याची मुभा मिळाली, तीही सर्कलच्या आतच. नागपूरचा क्रमांक मुंबईचा रहिवासी व्हायला जुलै २०१५ उजाडावा लागला.

तर या महाराष्ट्र सर्कलचे पहिले परवाने दोघांना मिळाले. वहीतले दोन रकाने ते हे. ९८२२ हा बिर्ला आणि अमेरिकेची एटी अँड टी यांच्या भागीदारीचा, ९८२३ हा बीपीएलचा. बीपीएल म्हणजे ‘ब्रिटिश फिजिकल लॅबोरेटरीज’. नाव ब्रिटिश, कंपनी केरळातल्या पालक्काडची. बिर्ला-एटी अँड टीमध्ये पुढे टाटा आले, आणि तीन नावांची आद्याक्षरे जुळवून लोकांनी तिला ‘बटाटा’ म्हणायला सुरुवात केली. २००२ साली तिने ‘आयडिया’ हे नाव घेतले. व्यापारी नावे ठरवायला तज्ज्ञ मंडळी बसतात. पण ‘बटाटा’ इतके अचूक नामकरण त्यांच्याकडून झालेले आम्हांला माहीत नाही.

त्या काळाची आठवण तरुण वाचकांसाठी थोडी द्यायला हवी. आरंभी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. त्यामुळे खिशात मोबाइल असलेला माणूस तो वाजला की क्रमांक पाहून तो बंद करी आणि जवळच्या एसटीडी बूथमधून उलट फोन लावी. ‘मिस्ड कॉल देणे’ ही क्रिया मराठीत रूढ झाली ती या अर्थशास्त्रातून. न बोलता निरोप पोहोचवण्याचे ते तंत्र होते: एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो. २००३ पासून आलेला फोन फुकट झाला तरी शब्द राहिला. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द आम्ही निमंत्रणपत्रिकांवर इमानाने छापत आलो. ‘मिस्ड कॉल’ला पर्याय सुचवण्याच्या भानगडीत मात्र आमच्यापैकी कोणी पडले नाही. एकाच कंपनीच्या दोन क्रमांकांत बोलणे त्या वेळच्या योजनांमध्ये स्वस्त पडे. वहीच्या कर्त्याने रकाने पाडले ते त्यासाठीच.

२००६ च्या सुमारास बीपीएलचे महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडूतले जाळे हचिसन-एस्सारकडे गेले आणि ९८२३ चे नाव ‘हच’ झाले. मुंबईतले ऑरेंज त्याआधीच, २००५ मध्ये, हच झाले होते; म्हणजे संत्रे नागपूरला पोहोचण्याची उरलीसुरली शक्यताही संपली. ‘हच’ हा शब्द जॉन हचिसन या एकोणिसाव्या शतकातल्या हाँगकाँगच्या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या आडनावाचा तोडलेला तुकडा. २००३ पासूनच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे फिरणारे पग जातीचे कुत्रे होते. आजही धरमपेठेत सकाळी ते कुत्रे फिरवणाऱ्यांना ‘हचवालं कुत्रं’ असेच ऐकावे लागते. एका व्यापाऱ्याचे आडनाव नागपुरात एवढ्याच रूपाने जिवंत आहे.

वर्षभरात पुन्हा नाव बदलले. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसनचा भारतातला सुमारे ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलर्सना घ्यायचे ठरवले, आणि सप्टेंबरमध्ये पाट्या लाल झाल्या. तेव्हा व्होडाफोनचे प्रमुख होते अरुण सरीन. त्यांचा जन्म १९५४ साली पचमढीचा. पचमढी ही जुन्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी, आणि १९५४ मध्ये त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. हा केवळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही; पण सांगितल्यावाचून राहवले नाही.

आता प्रश्न असा, की २००७ साली नेमके काय विकले गेले? मनोरे नागपुरात होते, मुंबईत होते. ग्राहक इथले होते. पण कागदोपत्री विकला गेला तो केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचा एक शेअर. विकणारी हाँगकाँगची, घेणारी व्होडाफोनची नेदरलँड्समधली उपकंपनी. आयकर खात्याने सुमारे ११,००० कोटी रुपयांचा कर मागितला. सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मराठी व्याकरण शिकवणाऱ्यांनी हा खटला आवर्जून पाहावा. आयकर कायद्याच्या नवव्या कलमात भारतातल्या भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरणा‘द्वारे’ झालेले उत्पन्न, अशी रचना आहे. आपल्या परिभाषेत हे करणवाचक शब्दयोगी अव्यय. न्यायालयाने म्हटले, की परदेशी कंपनीचा शेअर विकणे म्हणजे भारतातल्या मालमत्तेचे हस्तांतरण नव्हे. अप्रत्यक्ष हस्तांतरणापर्यंत हे कलम ताणता येणार नाही. यावर सरकारने त्याच वर्षीच्या वित्त कायद्यात स्पष्टीकरण घातले, की या शब्दात ‘च्या साधनाने’, ‘च्या परिणामी’ आणि ‘च्या कारणाने’ हे अर्थ समाविष्ट आहेत व ते १ एप्रिल १९६२ पासून समाविष्ट होते असे समजावे. म्हणजे करणाला कारणाचा अर्थ जोडला गेला, तोही पन्नास वर्षे मागे जाऊन. शब्दार्थ काळानुसार बदलतो हे आम्ही वर्गात शिकवतो. भूतकाळातला अर्थ वर्तमानात बदलता येतो हे आम्हांला संसदेकडून समजले. सप्टेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादाने व्होडाफोनच्या बाजूने कौल दिला आणि २०२१ मध्ये सरकारने ही पूर्वलक्षी मागणी कायदा करून मागे घेतली.

कंपनीची यातून सुटका झाली, पण तोवर दुसरा शब्द आडवा आला होता: ‘महसूल’. १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवानाशुल्काऐवजी महसुलातला वाटा देण्याची पद्धत आणली. पण महसूल म्हणजे केवळ फोनसेवेचे उत्पन्न, की व्याज, भाडे, इतर प्राप्तीही? वीस वर्षे वाद चालला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्यापक व्याख्या मान्य केली, आणि दूरसंचार खात्याच्या हिशेबाने या कंपनीकडे सुमारे ५८,००० कोटी रुपये निघाले. कंपन्यांविषयी आम्हांला विशेष जिव्हाळा नाही. पण ज्या करारात मूळ संज्ञेचाच अर्थ वीस वर्षे अधांतरी राहतो, तो करार लिहिणाऱ्यांविषयीही दोन शब्द कोणीतरी बोलायला हवे होते.

तोवर ती कंपनी एकटी राहिली नव्हती. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर दर कोसळले, आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोनची भारतीय शाखा व आयडिया एकत्र झाल्या. वृत्तपत्रांनी याला ब्रिटिश आणि भारतीय कंपन्यांचे विलीनीकरण म्हटले. आमच्या वहीच्या दृष्टीने मात्र ९८२२ आणि ९८२३ एक झाले: महाराष्ट्र सर्कलचे दोन मूळ प्रतिस्पर्धी, एकमेकांविरुद्ध उतरवलेले, दोन दशकांनंतर एका घरात आले. ७ सप्टेंबर २०२० रोजी त्यांनी दोन अक्षरांचे ‘व्ही’ हे नाव घेतले. विलीनीकरणाच्या वेळी ग्राहक ४० कोटींच्या घरात होते. २०२५ च्या आरंभी ते २० कोटींच्या आसपास उरले. थकबाकीच्या बदल्यात सरकारने शेअर घेतले, २०२३ मध्ये सुमारे ३३ टक्के, २०२५ मध्ये सुमारे ४९ टक्के. ज्या सरकारने परवाने देऊन या दोघांना मैदानात उतरवले, तेच सर्वांत मोठे भागधारक झाले.

मूळ कंपनीही आवरती घेत आहे. अमेरिकेतला हिस्सा २०१४ मध्ये विकला, स्पेन आणि इटली २०२४ मध्ये. आणि २०२५ मध्ये खुद्द ब्रिटनमध्ये तिने आपली सेवा ‘थ्री’ या कंपनीशी जोडली. ही थ्री कोणाची? हचिसनची. १९९४ साली ऑरेंज काढणारी, २००७ साली आमचे क्रमांक विकणारी, तीच.

विद्यार्थिनीला आम्ही हे सगळे सांगितले तेव्हा तिने वहीतला उजव्या रकान्यातला पहिलाच क्रमांक लावून पाहिला. तो २००२ साली एम.ए. झालेल्या, आता अमरावतीला शिकवणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा निघाला. बीपीएल, हच, व्होडाफोन आणि व्ही असा चार नावांचा प्रवास करून तिने मागच्या वर्षी कंपनी बदलली होती. क्रमांक तोच ठेवला होता. आमच्या पदवीपत्रावर ‘नागपूर विद्यापीठ’ आहे आणि २००५ नंतरच्या विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’, तिच्याजवळ दोन्ही नावांची कागदपत्रे आहेत, असे ती हसत म्हणाली. मग तिने विचारले, की वहीत तिचे आडनाव अजून माहेरचेच आहे का. होते. तिने ते तसेच राहू द्यायला सांगितले.