आज चोरा, उद्या उघडा: क्वांटम कॉम्प्युटर, तुमचा डेटा आणि नियमांचा प्रश्न

तुमच्या फोनमधून बाहेर पडणारा डेटा आज एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे मधे कुणी पकडला तरी त्याला वाचता येत नाही. पण त्याने तो वाचायचा प्रयत्नच केला नाही, नुसता साठवून ठेवला आणि १५ वर्षांनी क्वांटम कॉम्प्युटर वापरून उघडला तर? सायबर सुरक्षेत याला 'हार्वेस्ट नाऊ, डिक्रिप्ट लेटर' म्हणतात. साध्या मराठीत, आज चोरा, उद्या उघडा.

क्वांटम तंत्रज्ञानाच्या नैतिकतेवर बरीच चर्चा होते. त्यातला तुमच्या-आमच्या सगळ्यात जवळचा मुद्दा हाच आहे. म्हणून इथे त्याच्याच अंगाने बघूया: धोका किती खरा आहे, त्याची किंमत कोण मोजणार आणि नियम कोण बनवतंय.

धोका नेमका कशाला आहे?

आरएसए ही आजची एक प्रमुख एन्क्रिप्शन पद्धत. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं प्रचंड अवघड, यावर ती उभी आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर हे काम झटपट करू शकेल. इलिप्टिक कर्व्ह पद्धतीलाही हाच धोका आहे.

असा कॉम्प्युटर अजून नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या 'विलो' चिपमध्ये १०५ क्युबिट आहेत. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी अंदाज मांडला होता की २०४८ बिटची आरएसए किल्ली फोडायला सुमारे २ कोटी क्युबिट आणि ८ तास लागतील. २०२५ मध्ये गिडनी यांनीच नवा अंदाज दिला: १० लाखांपेक्षा कमी क्युबिट, एका आठवड्याच्या आत. म्हणजे मशीन अजून लांब आहे, पण नुसत्या चांगल्या गणिताने सहा वर्षांत गरज वीस पटींनी खाली आली.

सगळंच एन्क्रिप्शन कोसळणार असं मात्र नाही. एईएस-२५६ सारख्या पद्धती टिकतील असं मानलं जातं. खरा धोका आहे तो किल्ल्यांची देवाणघेवाण आणि डिजिटल सह्या यांना.

मोस्काचं गणित

मग आत्ताच घाई कशाला? याचं उत्तर संशोधक मिशेल मोस्का यांच्या एका सोप्या सूत्रात आहे. तीन आकडे घ्या:

- तुमचा डेटा किती वर्षं गुप्त राहायला हवा
- नव्या एन्क्रिप्शनवर जायला किती वर्षं लागतील
- मोठा क्वांटम कॉम्प्युटर यायला किती वर्षं आहेत

पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर आधीच उशीर झालाय.

ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो, त्याची काळजी नको. पण एचआयव्ही चाचणीचा रिपोर्ट किंवा मानसिक उपचारांची फाइल? ती ४० वर्षांनीही नोकरी, लग्न, विमा यांच्या आड येऊ शकते. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत.

प्रश्न नैतिक का आहे?

*संमती.* डीएनए चाचणी तुम्ही करता, पण तिच्यात तुमच्या भावंडांची आणि पुढे होणाऱ्या मुलांचीही माहिती असते. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

*कवच आधी कुणाला?* सिग्नलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्वांटम-सुरक्षित पद्धत आणली, ॲपलने २०२४ मध्ये आयमेसेजसाठी. पण अपडेट बंद झालेला जुना फोन, छोटी पतसंस्था, ईमेलवर रिपोर्ट पाठवणारी गावातली पॅथॉलॉजी लॅब यांचं काय? ज्यांच्याकडे पैसा आणि इंजिनिअर कमी, ते सगळ्यात शेवटी सुरक्षित होणार.

*गुपित.* असं मशीन एखाद्या देशाला आधी मिळालं, तर ते जाहीर करण्यापेक्षा गप्प बसण्यातच त्याचा फायदा आहे. बाकीच्यांना कळेपर्यंत बरंच काही वाचून झालेलं असेल.

नियम कोण बनवतंय?

सध्या सगळ्यात मोठं काम अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने केलंय. २०१६ मध्ये तिने जगभरातून अल्गोरिदम मागवले आणि १३ ऑगस्ट २०२४ ला पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यातलं एमएल-केईएम किल्ल्यांसाठी आहे, बाकी दोन सह्यांसाठी. हे सगळे साध्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर चालतात.

ही प्रक्रिया उघड होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'साइक' नावाचा एक अल्गोरिदम स्पर्धेत बराच पुढे गेला होता. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी तो साध्या कॉम्प्युटरवर तासाभरात फोडला. बंद खोलीत निवड झाली असती, तर हे कदाचित फार उशिरा कळलं असतं. याच निस्टने २००६ मध्ये मान्य केलेल्या एका रँडम नंबर जनरेटरमध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेने चोरदरवाजा ठेवल्याचा संशय २०१३ मध्ये बळावला आणि २०१४ मध्ये तो काढून टाकावा लागला. त्यामुळे मानक कुणाचं आहे यापेक्षा ते सगळ्यांना तपासता येतं का, हे बघायला हवं.

मुदतीही ठरतायत. अमेरिका आणि ब्रिटन, दोघांनी बदल पूर्ण करण्यासाठी २०३५ चं लक्ष्य ठेवलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्वांटम कॉम्प्युटरच्या निर्यातीवर निर्बंधही आणले. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने २०२२ मध्ये क्वांटम कॉम्प्युटिंगसाठी तत्त्वं मांडली, पण ती ऐच्छिक आहेत. अण्वस्त्रांसारखा आंतरराष्ट्रीय करार या क्षेत्रात नाही.

भारतात काय चाललंय?

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याची चार केंद्रं आहेत: आयआयएससी बेंगळुरू, आयआयटी मद्रास, आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मुंबई. मुंबईकडे सेन्सिंगचं, म्हणजे क्वांटम सेन्सरचं काम आहे.

डेटाच्या बाजूने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. कंपनीने 'वाजवी' सुरक्षा उपाय केले नाहीत तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण जी पद्धत पुढे फुटणार हे माहीत आहे, तीच वापरत राहणं 'वाजवी' म्हणायचं का? कायद्यात क्वांटमचा उल्लेख नाही. माझ्या मते दीर्घकाळ जपायच्या डेटासाठी, निदान आरोग्य आणि बायोमेट्रिकसाठी, भारतातही स्पष्ट मुदत हवी.

तुम्ही काय करू शकता?

- फोन आणि ॲप अपडेट ठेवा. नवं एन्क्रिप्शन याच मार्गाने येतं.
- कुणी 'क्वांटम-प्रूफ' म्हणून ॲप विकत असेल, तर अल्गोरिदमचं नाव विचारा. उत्तर गोलमोल असेल तर सोडून द्या.
- बँक, हॉस्पिटल, कॉलेज यांना लेखी विचारा: नव्या मानकांवर कधी जाणार?
- जन्मभर गुप्त राहायला हवी अशी माहिती गरज नसेल तर पाठवूच नका. उद्याचं अपडेट उद्याच्या मेसेजला वाचवेल, आज कॉपी झालेल्याला नाही.