पुरुषांची स्तनशस्त्रक्रिया : टेबलावरचे दोन तास आणि नंतरचे सहा आठवडे

पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथीची वाढ होण्याला वैद्यकशास्त्रात गायनेकोमास्टिया म्हणतात. ‘स्त्री’ आणि ‘स्तन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेले हे नाव दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्यापर्यंत मागे जाते. सातव्या शतकातील पॉलस एजिनेटा या ग्रीक वैद्याने स्तनाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घेऊन ही वाढ काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. म्हणजे हा त्रासही जुना आहे आणि त्यावरचा उपायही. शस्त्रक्रियेनंतर घरी कसे राहावे, याची चर्चा मात्र फारच थोडी होते. बहुतेक रुग्ण तरुण असतात, संकोचापोटी कोणाला काही विचारत नाहीत आणि चार दिवसांत कामावर हजर होतात. शस्त्रक्रियेचे यश ज्या काळात ठरते, नेमका तोच काळ अशा रीतीने हातातून निसटतो.

सुरतेचा संदर्भ

सुरत हे कापडाचे आणि हिऱ्यांचे शहर. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. एकट्याने आलेले तरुण एका खोलीत अनेक जण मिळून राहतात. यंत्रमागाच्या कारखान्यातील उकाड्यात अंगात बनियन ठेवणेही जड जाते. अशा ठिकाणी उघड्या छातीची थट्टा होण्यास वेळ लागत नाही. पोलीस किंवा लष्करभरतीची तयारी करणाऱ्यांना वैद्यकीय तपासणीची धास्ती असते. सैल शर्ट, पोक काढून चालणे, पोहायला जाण्याचे टाळणे ही त्या संकोचाची नेहमीची लक्षणे होत.

प्रत्येक वाढीला शस्त्रक्रिया लागत नाही

वयात येताना, साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, अनेक मुलांना स्तनाग्रामागे दुखरी गाठ जाणवते. बहुसंख्य मुलांमध्ये ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. म्हणून या वयात पालकांनी घाई करू नये. लठ्ठपणामुळे छातीवर निव्वळ चरबी साचली असेल तर वजन घटवल्याने फरक पडतो. स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनाझोल, फिनास्टेराइड यांसारखी औषधे, काही मनोविकारांवरील गोळ्या, यकृताचे व थायरॉइडचे विकार, क्वचित वृषणातील गाठ, ही कारणे शस्त्रक्रियेपूर्वी तपासावी लागतात. व्यायामशाळेत चोरून घेतली जाणारी अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स हे तरुणांमधील एक महत्त्वाचे कारण आहे. वाढ एकाच बाजूला, कडक आणि मध्यभागापासून सरकलेली असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर कर्करोगाची शक्यता आधी दूर करावी लागते. पुरुषांमधील स्तनाचा कर्करोग दुर्मीळ आहे. स्तनाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी आहे. तरी काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवावी आणि तो अहवाल रुग्णाने जपून ठेवावा.

शरीरात नेमके काय केलेले असते

घरी घ्यायच्या काळजीमागची कारणे समजण्यासाठी एवढे माहीत असणे पुरेसे आहे. चरबी बारीक नळीने शोषून घेतली जाते, याला लायपोसक्शन म्हणतात. चिवट ग्रंथी नळीतून निघत नाही. ती स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला अर्धगोल छेद घेऊन काढतात. १९४६ साली वेबस्टर या अमेरिकी शल्यविशारदाने वर्णिलेला हा छेद आजही वापरात आहे, कारण दोन रंगांच्या सीमेवर व्रण झाकून जातो. वाढ किती आणि सैल त्वचा किती यांवरून सायमन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये केलेली प्रतवारी आजही उपयोगी पडते. सर्वांत वरच्या प्रतीत जादा त्वचाही काढावी लागते. तेव्हा व्रण मोठा राहतो आणि बरे होण्यास अधिक काळ लागतो.

शस्त्रक्रिया बहुधा एक ते दोन तासांत आटोपते. मात्र ग्रंथी आणि चरबी निघाल्यावर त्वचा आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी उरते. त्या पोकळीत रक्त किंवा पाणी साचू न देणे आणि त्वचा स्नायूला सपाट चिकटू देणे, हेच पुढील सहा आठवड्यांचे काम असते.

पहिले ४८ तास

या शस्त्रक्रियेनंतर सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे रक्ताची गाठ साचणे. ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच होते. दोन्ही बाजूंना थोडी सूज, निळसर डाग आणि ठणका असणे स्वाभाविक आहे. परंतु एकच बाजू अचानक फुगली, ताठरली आणि तेथील वेदना वाढत गेली, तर सकाळची वाट न पाहता शल्यविशारदाला कळवावे. वेळीच रक्त काढून टाकले तर सहसा कायमचे नुकसान होत नाही.

म्हणूनच टाके घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरतेहून ताप्ती मार्गाच्या गाडीने गाव गाठणे धोक्याचे आहे. जळगावपर्यंतचे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. वाटेत गाठ साचली तर शस्त्रक्रिया करणारा हात जवळ नसतो. शिवाय वरच्या फळीवर बॅग चढवण्याची एक हालचालही रक्तस्रावास पुरते. पहिली तपासणी होईपर्यंत रुग्णालयाच्या आवाक्यात राहावे आणि पहिल्या रात्री सोबत कोणीतरी जाणते माणूस असावे.

झोपताना पाठीवर निजून डोके व खांदे दोन उशांवर उंच ठेवावेत. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पहिल्याच दिवसापासून घरात थोडे चालावे. निचऱ्याची नळी बसवली असेल तर तिच्या डबीतील द्रव ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहावा. त्या आकड्यावरूनच नळी केव्हा काढायची ते ठरते. अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, म्हणून चिठ्ठीत लिहिलेल्या वेदनाशामकाव्यतिरिक्त दुकानातून काही आणू नये. हृदयविकारासाठी आधीपासून सुरू असलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. ते डॉक्टरांनी ठरवायचे असते.

घट्ट बंडी आणि दमट हवा

छाती आवळून धरणाऱ्या लवचीक बंडीला कॉम्प्रेशन व्हेस्ट म्हणतात. ती साधारण चार ते सहा आठवडे वापरावी लागते. त्यांपैकी पहिले काही आठवडे ती रात्रंदिवस अंगावर असते आणि केवळ आंघोळीपुरती काढली जाते. सुरतेच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत हीच गोष्ट रुग्णांना सर्वाधिक नकोशी होते. यावर सोपे उपाय आहेत. बंड्या दोन घ्याव्यात, एक धुवून वाळत असताना दुसरी अंगावर असावी. आत पातळ सुती बनियन चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. बंडीला चुणी पडू देऊ नये, कारण तिचा वळ त्वचेवर उमटतो. पूर्ण श्वास घेता येत नसेल किंवा हातांना मुंग्या येत असतील तर ती फार घट्ट आहे. शक्य असेल तर शस्त्रक्रिया थंडीच्या महिन्यांत ठरवावी. पण सुरतेत १४ जानेवारीच्या उत्तरायणाला पतंग उडवण्याचा मोह आवरत नसेल, तर तारीख त्यानंतरची घ्यावी. मान वर आणि हात डोक्यावर ठेवून दिवसभर मांजा ओढणे ताज्या टाक्यांना सोसत नाही. नवरात्रीतील गरब्याचेही तसेच.

पट्ट्या भिजवण्याची परवानगी बहुतेकदा दोन-तीन दिवसांनी मिळते. समुद्र, नदी आणि तरणतलाव मात्र जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, वर्ज्य समजावेत.

कामावर केव्हा जावे

‘आठवड्याभरात कामावर’ हे आश्वासन सर्वांना सारखे लागू पडत नाही. टेबलखुर्चीचे काम करणारा बहुधा तीन ते सात दिवसांत परततो. हिऱ्याच्या घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराचे काम बैठे दिसले, तरी त्यात दोन्ही हात तासन्‌तास पुढे धरावे लागतात; त्याने दहा-बारा दिवस धरावेत आणि मध्ये विश्रांती घ्यावी. यंत्रमागावर उभे राहून हात वर-खाली करणाऱ्याला तीन ते चार आठवडे लागू शकतात. रिंग रोडच्या कापडबाजारात डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्याने सहा आठवड्यांच्या आत ओझे उचलू नये. हे अंदाज सर्वसाधारण आहेत. शेवटचा शब्द शस्त्रक्रिया करणाऱ्याचा. रोजंदारीवर जगणाऱ्याने शुल्काबरोबर बुडणाऱ्या मजुरीचाही हिशेब आधीच मांडावा.

पहिले दोन आठवडे कोपर खांद्याच्या वर नेणे टाळावे. शर्ट पुढून बटणे असलेला घालावा. दुचाकी अचानक ब्रेक दाबल्यावर छातीत कळ येणार नाही अशी खात्री झाल्यावरच चालवावी. चालणे लगेच सुरू करता येते, धावणे तीन-चार आठवड्यांनी. जोर, बेंच प्रेस आणि छातीचे अन्य व्यायाम साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही हलक्या वजनाने सुरू करावेत.

बिडी, सिगारेट, मावा, गुटखा यांतील निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. स्तनाग्राची त्वचा अशाच बारीक वाहिन्यांवर जगत असते. रक्तपुरवठा तुटला तर ती काळवंडून झडू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवी.

आरशासमोरचा उतावीळपणा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेक रुग्ण हबकतात. छाती सपाट होण्याऐवजी खाली कडक गाठी लागतात, एक बाजू जास्त सुजलेली दिसते, स्तनाग्राभोवती बधिरता असते किंवा कपडा लागला तरी झिणझिणते. ‘ग्रंथी राहून गेली’ अशी शंका येते. बहुतांश वेळा हा भरून येणाऱ्या ऊतींचा कडकपणा असतो आणि तो काही महिन्यांत मऊ होतो. आकाराचा निवाडा तीन ते सहा महिन्यांपूर्वी करू नये. संवेदना परत येण्यासही महिने लागतात. व्रण आधी लाल दिसतो आणि वर्षभरात फिकट होतो. ज्यांच्या अंगावर जखमेचे जाड वण उठतात त्यांनी हे आधीच सांगावे. स्तनाग्राखाली खळगा पडणे, दोन बाजूंत फरक राहणे यांसाठी कधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागते, पण तिचा विचार सूज पूर्ण ओसरल्यानंतर होतो.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जाणे, जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, स्तनाग्र काळेनिळे पडणे, पोटरी सुजणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. धाप लागल्यास थेट तातडीच्या विभागात जावे.

ग्रंथी नीट काढली असेल तर ती सहसा पुन्हा वाढत नाही. मात्र स्टेरॉइड्स पुन्हा सुरू केली, कारणीभूत औषध चालू राहिले किंवा वजन बरेच वाढले, तर छाती पुन्हा भरू शकते.

खर्च आणि कोणाला विचारावे

आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते; वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार त्यास अपवाद आहेत. म्हणून दावा मिळेल का, हे विमा कंपनीकडून शस्त्रक्रियेपूर्वी लेखी घ्यावे. खाजगी दवाखान्याचे ‘पॅकेज’ घेताना त्यात बंडी, ऊतींची तपासणी, पुढील भेटी आणि गुंतागुंत झाल्यास पुन्हा शस्त्रक्रियेचा खर्च धरला आहे का, हे विचारावे. सुरतेत मजुरा गेटचे न्यू सिव्हिल रुग्णालय आणि महानगरपालिकेचे स्मीमेर, गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे आधी सल्ला घेता येतो. शस्त्रक्रिया पात्र प्लास्टिक सर्जनच्याच हातून व्हावी.

लपवण्याची किंमत

संकोचामुळे रुग्ण अनेकदा ‘अपेंडिक्सचे ऑपरेशन’ असे काही सांगून सुटी काढतो. मालकाला कारण काय सांगावे, हा त्याचा अधिकार. मात्र ज्याला खरे काहीच ठाऊक नाही असा खोलीतला सोबती रात्री एक बाजू फुगल्यावर काय करणार? थट्टेच्या भीतीने बंडी काढून ठेवणारा, गठ्ठा उचलायला नाही म्हणू न शकणारा आणि ताप अंगावर काढणारा रुग्ण या संकोचातूनच घडतो. यासाठी घरातील किंवा खोलीतील निदान एका व्यक्तीला सर्व खरे सांगावे. शस्त्रक्रियेचे कागद, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि धोक्याच्या खुणा तिच्याकडे द्याव्यात. औषधांच्या यादीत हे लिहिलेले नसते. तरी पहिल्या दोन रात्रींत त्याचा उपयोग कोणत्याही गोळीइतकाच असतो.