चार सुती बोल्टचे बारा आटे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली "म्हणजे बघा"ची गर्दी थोडी कमी केलीय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे बोल्टवरचे आटे. हसू नका. मी सॉफ्टवेअरवाला, आट्यांशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता. पण गेल्या कापूस हंगामात धुळ्याजवळ आमच्या नात्यातल्या एका जिनिंगमध्ये एक स्टड तुटला. खांदा असलेला, बाजारात न मिळणारा. "तू कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतोस ना, काढून दे, एमआयडीसीतून बनवून आणतो," असं मामा म्हणाले. मी तुटका तुकडा कॅलिपरने मोजला. गंजलेला, झिजलेला, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. कॅडमध्ये थ्रेडची यादी उघडली, सगळ्यात जवळचा दिसला एम१२, तो निवडला. स्टड बनून आला. दीड-दोन फेरे आत गेला आणि अडकला. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. पान्याला पाइप लावून जोर दिला आणि फ्रेमच्या बिडाच्या भोकातले आटे गेले. बाहेर कापसाचे ट्रॅक्टर उभे, आत जिन बंद.

शेवटी एका म्हाताऱ्या टर्नरकाकांना बोलावलं. त्यांनी तुटक्या तुकड्यावर पिच गेज ठेवला, एकदाच, आणि म्हणाले, "हाऊ इंग्रजना आटा शे, भाऊ."

इंग्रजांचा म्हणजे नेमका कोणाचा? जोसेफ व्हिटवर्थचा. १८०३ साली स्टॉकपोर्टला जन्मलेला, लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात हात घडवून १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचं दुकान टाकलेला माणूस. त्या काळात प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असायचा. एका गिरणीचा नट दुसरीच्या बोल्टला बसेल याची काही शाश्वती नाही. व्हिटवर्थने काय केलं, तर इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश ठरला. कुठल्या जाडीला इंचात किती आटे याचं कोष्टक ठरलं. १८४१ साली हे सगळं त्याने इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर मांडलं. मला यात आवडतं ते हे, की ५५ हा आकडा कुठल्या सूत्रातून आलेला नाही. लोक जे आधीपासून करत होते त्याचा तो मध्य आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी सगळ्यांचा डेटा पाहिला, मग स्टँडर्ड लिहिलं. हल्ली हे उलट्या क्रमाने होतं, असो.

रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि रेल्वेबरोबर आटा जगभर फिरला. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे खान्देशात भुसावळपर्यंत पोचली. नेमकी तीच वेळ अमेरिकन यादवी युद्धाची, १८६१ ते ६५. तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरला कापूस हवा होता, आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. कापूस गेला त्याच वाटेने यंत्रं आली. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्या रोलर जिन बनवायच्या, आणि ओल्डहॅम म्हणजे मँचेस्टरचं शेजारीच. त्या यंत्रांत व्हिटवर्थचा आटा असणार नाही तर कोणाचा? पुढे इथल्याच कारखान्यांनी त्या यंत्रांवरून आपली यंत्रं बनवली, तेव्हा आकाराबरोबर आटाही उचलला. मामांचा जिन भारतात बनलेला आहे, पण आटा मँचेस्टरचा.

(जाता जाता, अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली. तेव्हा "कॉम्प्युटरवाल्यांना गिरणीतलं काय कळतं" हे आम्हाला खान्देशात तरी ऐकवू नका.)

आता चार सुतीकडे येऊ. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. व्हिटवर्थच्या कोष्टकात अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे. म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर सुमारे २.१२ मिलिमीटर. एम१२ मध्ये हेच अंतर १.७५. एका फेऱ्यात पाऊण-एक केसाचा फरक वाटतो, पण तो प्रत्येक फेऱ्याला साठत जातो, म्हणून स्टड आधी सैल वाटला आणि मग एकदम अडकला. सैल वाटला तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

गंमत अशी की अमेरिकेनेही इंच वापरून वेगळाच आटा केला. विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियात ६० अंशांचा आटा सुचवला. बनवायला सोपा, टोक गोल करायची भानगड नाही. पाव इंच, पाऊण इंच वगैरे बऱ्याच मापांना दोघांचे आटे सारखेच, पण अर्ध्या इंचाला अमेरिकेत १३. दुसऱ्या महायुद्धात याचा खरा त्रास झाला. डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आट्यांसाठी लागणारे टॅप तिला स्वतः तयार करावे लागले. १८ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एका आट्यावर सह्या केल्या. कोन ६० चा. व्हिटवर्थ तिथे हरला.

आपल्याकडे १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला आणि मेट्रिक पद्धत सुरू झाली. मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे भारतीय मानक आहे. पण कायद्याने जुन्या जिनच्या फ्रेममधलं भोक थोडंच बदलतं?

आणि पाइपमध्ये तर व्हिटवर्थ कधी गेलाच नाही. जळगावात एवढे पीव्हीसी पाइपचे आणि ठिबकचे कारखाने आहेत, तिथे फिटिंगवर जो बीएसपी आटा असतो तो आजही ५५ अंशांचाच. आयएस ५५४ त्याच्यासाठी आहे. अर्धा इंची म्हणतात त्या आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, कारण अर्धा इंच हे जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं माप. अमेरिकेचा एनपीटी अर्धा इंची घ्या, त्यालाही इंचात १४ च आटे, पण कोन ६०. दोन्ही एकमेकांत फिरतात, आणि पाणी सोडलं की गळतात.

तर पुन्हा जिनिंग. माझ्या कॅडच्या यादीत बीएसपी होता, पण बोल्टचा व्हिटवर्थ, म्हणजे बीएसडब्ल्यू, नव्हता. यादीत नाही म्हणजे तसं काही नसेलच, असं मी धरून चाललो होतो. खरं तर यादी म्हणजे नुसती एक फाइल असते. इन्व्हेंटरमध्ये ती एक्सेलची, फ्यूजनमध्ये एक्सएमएलची. त्यात कोन लिहायचा, एकक लिहायचं, मग प्रत्येक मापासाठी इंचात किती आटे, बाहेरचा व्यास, पिच व्यास, आतला व्यास, टॅपसाठी ड्रिल. आतला आणि बाहेरचा आटा वेगळा नोंदवायचा. अर्ध्या इंचासाठी मूळ आकडे १२.७००, ११.३४५ आणि ९.९९. बाहेरच्या आट्यासाठी ते थोडे कमी धरावे लागतात, नाहीतर कागदावर बसलेला नट हातात बसत नाही. व्हिटवर्थच्या आट्याची गोल टोकं मॉडेलमध्ये दिसत नाहीत, सरळ कापलेली दिसतात. म्हणून ड्रॉइंगवर बीएसडब्ल्यू असं स्पष्ट लिहायचं, मग वर्कशॉपवाला बरोबर हत्यार लावतो.

फ्रेममधलं भोक मात्र आता चार सुतीचं राहिलं नव्हतं. काकांनी ते मोठं करून पाच सुतीचा टॅप मारला, इंचात ११ आटे. टॅप त्यांच्याच पत्र्याच्या डब्यातला, वरचा मार्का पुसलेला. दुकानात आता टॅप मागायला गेलं की आधी एमएमचाच पुढे करतात, म्हणून ते डबा कोणाला हात लावू देत नाहीत. मी नवा स्टड त्या मापाचा काढला. तो बसला. जिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाला.

फाइलमध्ये आता दोन सुतीपासून आठ सुतीपर्यंतच्या ओळी आहेत. यादीत दिसणारं नाव मी देवनागरीतच ठेवलंय, "व्हिटवर्थ (सुती)". आपोआप अपडेट होणाऱ्या काही कॅडमध्ये प्रत्येक अपडेटला फोल्डर बदलतो आणि आपण घातलेली फाइल जुन्या फोल्डरमध्येच राहते. माझ्याबाबतीत हे दोनदा झालं. म्हणून तिची एक प्रत मामांच्या जिनिंगमधल्या कॉम्प्युटरवर ठेवलीय, आणि कोष्टकाची एक प्रिंट काकांनी त्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलीय.