राष्ट्रीय उत्पन्न आणि भांडवल-गुंतवणूक : पहिल्या दोन योजनांचा धडा

देशाच्या वार्षिक उत्पन्नापैकी किती भाग उपभोगात खर्ची पडावा आणि किती भाग धरणे, कालवे, यंत्रे व कारखाने यांच्या उभारणीसाठी राखला जावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो आजची पिढी आणि उद्याची पिढी यांच्यातील वाटणीचा प्रश्न होय. ज्या देशात बहुसंख्य लोकांना पोटभर अन्न मिळत नाही, तेथे तर या वाटणीला नैतिक स्वरूप प्राप्त होते. भारताच्या पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

प्रमाण ठरवावयाचे तर आधी उत्पन्न मोजले पाहिजे. त्यासाठी १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे अन्य सदस्य होते. घरच्या वापरासाठी पिकवलेले धान्य, घरच्यांनीच केलेले श्रम, बाजारात न येणाऱ्या वस्तू यांची किंमत कशी लावावी, ही या कामातील मुख्य अडचण होती. पुढील सर्व टक्केवारी अशा अंदाजांवर उभी आहे, हे विसरता कामा नये.

१९५०–५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्केच निव्वळ गुंतवणूक होत होती. एक रुपयाचे जादा वार्षिक उत्पन्न मिळविण्यास तीन रुपयांचे भांडवल लागते, असे पहिल्या योजनेने गृहीत धरले होते. या हिशेबाने उत्पन्नाची वाढ वर्षाला पावणेदोन टक्क्यांहूनही कमीच होणार; आणि तीतील सव्वा टक्का वाढत्या लोकसंख्येच्या वाट्याला जाणार. म्हणून हे प्रमाण १९५५–५६ पर्यंत पावणेसात, १९६०–६१ पर्यंत ११ आणि १९६७–६८ पर्यंत २० टक्क्यांवर न्यावे, असे चित्र योजनेने रेखाटले.

प्रत्यक्षात पहिल्या योजनेच्या काळात राष्ट्रीय उत्पन्न अपेक्षेपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. या यशात चांगल्या पाऊसपाण्याचा वाटा मोठा होता. तथापि थोड्या भांडवलातही बरीच वाढ साधते, असा अनुमानाचा ओघ त्यातून निघाला आणि दुसऱ्या योजनेने तीनाऐवजी २.३ हे गुणोत्तर धरले. ११ टक्के गुंतवणूक आणि पाच वर्षांत २५ टक्के वाढ, हे तिचे उद्दिष्ट होते. महालनोबिस यांनी १९५५ मध्ये सादर केलेल्या आराखड्यात यंत्रनिर्मितीच्या अवजड उद्योगांवर भर होता. बी. आर. शेणॉय यांनी त्याच वर्षी भिन्नमतपत्रिका जोडून, खऱ्या बचतीपेक्षा मोठी योजना आखून तुटीच्या अर्थभरणाने ती पार पाडणे महागाईस आमंत्रण होय, असा इशारा दिला. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांचा आक्षेप निराळा होता. धान्य, कापड इत्यादी मजुरी-वस्तूंचा पुरवठा वाढल्यावाचून बेकार हातांना काम देता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९५७ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि योजनेला कात्री लावावी लागली. पाच वर्षांतील वाढ २५ ऐवजी सुमारे २० टक्क्यांवर थांबली. पुढे १९६५–६६ आणि १९६६–६७ या लागोपाठच्या अवर्षणांनी अन्नाचा प्रश्न किती मूलभूत होता, हे कठोरपणे दाखवून दिले.

यानंतरचा अनुभव अधिक विचारप्रवर्तक आहे. १९५० च्या दशकात स्थूल गुंतवणुकीचे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आगेमागे होते. १९७० च्या दशकाअखेर ते २० टक्क्यांपलीकडे गेले. तरीही १९५० ते १९८० या तीस वर्षांत उत्पन्नवाढीचा सरासरी वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिला. राखलेला वाटा दुप्पट झाला. फळ मात्र त्या प्रमाणात आले नाही. रेंगाळलेली धरणे, पूर्ण क्षमतेने न चालणारे कारखाने आणि परवान्यांची बंधने यांत भांडवल अडकून पडले.

मराठीतील ‘गुंतवणूक’ हा शब्द ‘गुंतणे’ या क्रियापदावरून आला आहे. पैसा गुंतवणे आणि पैसा गुंतून पडणे यांतील अंतर टक्केवारीच्या कोष्टकात उमटत नाही. उपाशी माणसाच्या ताटातून काढलेला घास कोठे गेला, हे मात्र त्या अंतरावरच अवलंबून असते.