गाडीच्या खोलीत गॅस गीझर आणि इन्व्हर्टर? आतली उष्णता बाहेर कशी काढायची

गॅरेज म्हटलं की आमच्या नेसरीत आधी मिस्त्री आठवतो. इथे मात्र विषय घराला लागून असलेल्या गाडीच्या खोलीचा आहे. वर पत्रा, पुढे शटर, आत बाईक, शेजारी इन्व्हर्टर-बॅटरी आणि भिंतीवर गॅस गीझर. लाकडाचा बंब अंगणात असायचा, त्याची धग मोकळ्यावर जायची. गीझर खोलीत आला आणि धगही खोलीत आली. शटर बंद असेल तर ती जाणार कुठे?

थोडं गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १०.५ किलोवॅट लागतात. गॅसची सगळी उष्णता पाण्यात उतरत नाही. कार्यक्षमता ८४ टक्के धरली, तरी २ किलोवॅट खोलीतच राहतात. म्हणजे हजार वॅटच्या दोन इस्त्र्या चालू! इन्व्हर्टरवर ५०० वॅटचा लोड असेल आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर उष्णता फक्त ९० वॅटच्या आसपास. पण गीझर दहा मिनिटांत बंद होतो, इन्व्हर्टर लाईट येईपर्यंत चालतो. त्यात एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो तो वेगळाच.

सगळ्यात आधी मार खाते ती बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा, की २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बसते, आणि आपण कंपनीला शिव्या देतो.

उष्णतेपेक्षा मोठा धोका

पैसे गेले तर परत येतात. पण बंद खोलीत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गीझर चालू असताना डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं तर आधी बाहेर पडा. हाताशी असेल तरच जाता जाता गीझर बंद करा, दारं उघडी टाका आणि डॉक्टरांकडे जा.

शिवाय चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि बाईकच्या टाकीतून पेट्रोलची वाफ येते. या दोघांच्या शेजारी गीझरची ज्योत नकोच. माझं मत स्पष्ट आहे: गॅस गीझर गाडीच्या खोलीत ठेवूच नका, बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर छज्जाखाली न्या. उष्णतेचा निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

वर एक, खाली एक

उरलेल्या उष्णतेसाठी हवेला दोन वाटा लागतात. गरम हवा वर जाते, म्हणून एक जाळी पत्र्याच्या लगेच खाली. हायड्रोजनही तिथूनच निघून जातो. दुसरी जाळी समोरच्या भिंतीला, जमिनीलगत. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, त्यांना खालचीच वाट लागते. नुसतं वर भोक पाडून भागत नाही. खालून थंड हवा आली तरच वरची निघते.

"एक्झॉस्ट फॅन बसवला की झालं," असं बरेच जण म्हणतात. ९० वॅट बाहेर काढून खोली ५ अंशांपेक्षा जास्त चढू द्यायची नसेल, तर तासाला सुमारे ५५ घनमीटर हवा पुरते. ६ इंची फॅनला हे सहज जमतं. पण गीझर अजून आतच असेल आणि खालची जाळी नसेल, तर हाच फॅन गीझरचा धूर उलटा खोलीत ओढू शकतो.

हीट पंप गीझर हा वेगळा प्रकार आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता. त्यामुळे खोली उलट गार होते आणि ज्योतही नसते. किंमत मात्र जास्त, आणि हवा खेळती लागतेच.

फोनमधलं तापमान दाखवणारं ॲप खोलीचं नाही, फोनच्या बॅटरीचं तापमान सांगतं. त्यापेक्षा साधा थर्मामीटर इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या उंचीवर टांगा आणि दुपारी तीन वाजता बघा. फोन चार्जिंगला लावून इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवायची सवय असेल तर तीही सोडा.

आणि पावसाळ्यात झड आत येते म्हणून जाळीत पोतं कोंबू नका. बाहेरून खाली वाकवलेला पत्रा लावला की पाणी थांबतं, हवा चालू राहते.